पक्का रस्ता, पर्यटक आणि आडबाजूचे गाव

भंडारा जिल्ह्यातील आडबाजूच्या गावी ग्रामसभा भरली आणि मागण्यांची यादी होऊ लागली, म्हणजे पहिली मागणी बहुधा रस्त्याची निघते. पूर्वी तिची कारणे ठरलेली असत : धान बाजारात नेणे, आजाऱ्याला दवाखान्यात पोहोचविणे आणि मुलांची शाळा. अलीकडच्या काळात त्यांत आणखी एका कारणाची भर पडली आहे. रस्ता डांबरी झाला की वाघ पाहावयास निघालेला पर्यटक आपल्या गावावरून जाईल आणि त्याच्यामागे गावात पैसा येईल, अशी अपेक्षा अनेक ठिकाणी ऐकू येते. ही अपेक्षा निराधार नाही. परंतु ती जशीच्या तशी मान्य करण्याजोगीही नाही. पक्क्या रस्त्याने पर्यटन वाढते काय, वाढल्यास त्याचा लाभ गावाला मिळतो काय, आणि तो मिळावा म्हणून गावाने काय केले पाहिजे, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

जिल्ह्याची स्थिती

१ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाल्यानंतर भंडारा जिल्ह्यात भंडारा, तुमसर, मोहाडी, पवनी, साकोली, लाखनी व लाखांदूर हे सात तालुके आहेत. मुंबईहून कोलकात्याकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग भंडारा, लाखनी व साकोली या गावांवरून जातो. नागपूर शहर भंडाऱ्यापासून सुमारे ६० किलोमीटरवर आहे. महामार्ग सोडून काही किलोमीटर आत गेले की धानाच्या बांध्या, तलाव, बोड्या व जंगल यांचा मुलूख सुरू होतो आणि बैलबंडीच्या चाकोऱ्यांनी खोल झालेल्या पांदणी दिसू लागतात.

पाहण्यासारखे या मुलुखात पुष्कळ आहे. नागझिरा अभयारण्य आज गोंदिया जिल्ह्यात मोडत असले, तरी साकोलीकडून त्यात शिरण्याचे पिटेझरी हे द्वार आपल्या जिल्ह्यात आहे. भंडारा शहराजवळचे कोका अभयारण्य २०१३ साली घोषित झाले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प स्थापन झाला व कोका त्यात समाविष्ट झाले. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य २०१२ सालचे. त्याचा काही भाग पवनी तालुक्यात येतो. पवनी येथे १९६९-७० साली झालेल्या उत्खननात प्राचीन बौद्ध स्तूपांचे अवशेष उजेडात आले. पवनी तालुक्यातच वैनगंगेवर गोसीखुर्दचे धरण उभे आहे. तुमसर तालुक्यात आंबागडचा किल्ला, चांदपूरचा तलाव व महाशिवरात्रीच्या यात्रेचे गायमुख आहे. मोहाडी तालुक्यातील आंधळगाव कोशाच्या कापडासाठी प्रसिद्ध आहे.

रस्त्यांच्या नियोजनाचा विचारही आपल्या शेजारीच झालेला आहे. १९४३ साली नागपूर येथे देशातील मुख्य अभियंत्यांची परिषद भरली व तीतून 'नागपूर योजना' या नावाने ओळखली जाणारी रस्त्यांची योजना निघाली. राष्ट्रीय महामार्ग, राज्य मार्ग, जिल्हा मार्ग व ग्राममार्ग ही वर्गवारी त्या योजनेने रूढ केली. शेतीने समृद्ध अशा प्रदेशात कोणतेही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांहून दूर असू नये, हे उद्दिष्ट तिने समोर ठेवले. पुढे २५ डिसेंबर २००० रोजी प्रधानमंत्री ग्रामसडक योजना सुरू झाली. सपाट प्रदेशातील ५०० व डोंगराळ किंवा आदिवासी भागातील २५० लोकवस्तीपर्यंतच्या वाड्या-वस्त्या बारमाही रस्त्याने जोडाव्या, असे तिचे धोरण आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये या योजनेचा चौथा टप्पा मंजूर झाला असून त्यात देशभरातील २५,००० वस्त्यांसाठी ६२,५०० किलोमीटर रस्त्यांचे लक्ष्य आहे.

येथे 'बारमाही' हा शब्द नीट समजून घेतला पाहिजे. बारमाही रस्ता म्हणजे वर्षाच्या कोणत्याही ऋतूत वाहन जाऊ शकेल असा रस्ता. डांबर हा त्याचा केवळ वरचा थर होय. खाली मजबूत भराव, मुरूम व खडीचे थर, दोन्ही अंगांस नाली आणि ओहोळांवर पुरेशा मोऱ्या नसतील, तर डांबर कितीही काळेभोर दिसो, तो रस्ता पहिल्या दोन पावसाळ्यांचा सोबती ठरतो.

रस्ता कोणत्या महिन्यांत लागतो?

पर्यटक व शेतकरी यांना एकच रस्ता हवा असतो, पण तो एकाच वेळी हवा नसतो. ही गोष्ट साधी आहे. तथापि ग्रामसभेतील चर्चेत ती क्वचितच निघते.

अभयारण्यांतील पर्यटन पावसाळ्यात, साधारणतः जुलै ते सप्टेंबर, बंद असते. जंगलातील कच्चे रस्ते त्या दिवसांत वाहनांस योग्य राहत नाहीत. पर्यटकांचा हंगाम ऑक्टोबरपासून जूनपर्यंतचा. त्या काळात आपल्या भागातील मुरुमाचा रस्ताही बरा चालतो. धूळ उडते, गाडी हादरते, परंतु मनुष्य पोहोचतो.

गावाची अडचण नेमकी उलट ऋतूतील आहे. मृगाचा पाऊस पडला की खते व बियाणे गावात यावी लागतात. जुलै-ऑगस्टात रोवणी चालते. बांधीत दिवसभर वाकून काम करणाऱ्या बायामाणसांना सर्पदंशाचा धोका याच दिवसांत अधिक असतो. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ सालापासून मिळू लागली. परंतु ती ओढ्याच्या अलीकडे थांबली, तर आजाऱ्याला खाटेवर घालून चिखलातून न्यावे लागते. दूध रोज निघते व रोज संकलन केंद्रात जावे लागते. एस.टी. बंद पडली की उंच वर्गातील मुली घरी बसतात. धानाचे पोते एक महिना उशिरा विकले तरी ते धानच राहते. दूध, भाजीपाला व मासळी यांना तेवढी सवड नसते. म्हणूनच रस्ता पक्का झाला म्हणजे प्रथम नाशवंत मालाला त्याचा लाभ होतो, आणि ज्या गावात केवळ धानच होते तेथे दुधाचा व भाजीपाल्याचा विचार सुरू होतो.

तात्पर्य, रस्त्याची खरी परीक्षा श्रावणात होते. पर्यटकाला पाहावयास मिळत नाही तो रस्त्याचा श्रावणातला चेहरा हाच गावाच्या दृष्टीने महत्त्वाचा होय. जो रस्ता त्या चार महिन्यांत गावाची गरज भागवील, तो उरलेल्या आठ महिन्यांत पर्यटकालाही आपोआप उपयोगी पडेल. उलट, केवळ पर्यटकाकडे पाहून बांधलेला, ओढ्यावर रपटा टाकून वेळ मारून नेलेला रस्ता हिवाळ्यात सुंदर दिसेल आणि पावसाळ्यात गाव पूर्वीसारखेच तुटून राहील.

एक साधा हिशेब

लाभाचा अंदाज आकड्यांनी केलेला बरा. पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. प्रत्येक गावाने आपापले आकडे घालून पाहावे.

समजा, एका गावात रोज ३०० लीटर दूध निघते. पावसाळ्यात रस्ता बंद पडल्यामुळे २० दिवस दूधगाडी येऊ शकली नाही, तर ६,००० लीटर दूध अडकले. ३५ रुपये लीटरप्रमाणे त्याची किंमत २,१०,००० रुपये झाली. त्यातील निम्म्याचे दही, तूप वा खवा करून पैसे सोडविले असे धरले, तरी १,०५,००० रुपयांचे नुकसान उरते.

आता पर्यटनाची बाजू पाहू. याच गावावरून अभयारण्याकडे रोज २० गाड्या जातात व हंगामाचे २०० दिवस मिळतात असे धरू. गावात थांबण्यासारखे काही नसेल तर त्यांतील दोन गाड्या थांबतात. प्रत्येक गाडीत सहा माणसे व दर माणशी ५० रुपयांचा खर्च धरल्यास दिवसाला ६०० रुपये व हंगामात १,२०,००० रुपये गावात आले. मालाची किंमत वजा जाता निम्मे, म्हणजे ६०,००० रुपये, मिळकत राहिली. परंतु स्वच्छ पाणी, सावली, स्वच्छतागृह, ताजे जेवण आणि विकत घेण्याजोगा गावचा माल अशी व्यवस्था करून दोनऐवजी दहा गाड्या थांबविता आल्या, तर हीच मिळकत ३,००,००० रुपये होते.

या हिशेबातून दोन गोष्टी ध्यानात येतात. पहिली, पावसाळ्यातील तूट थांबविणे हा गावाचा खात्रीचा लाभ आहे. त्यासाठी पर्यटकाची वाट पाहावी लागत नाही. दुसरी, पर्यटनाची मिळकत गावावरून किती गाड्या गेल्या यावर अवलंबून नसून किती थांबल्या यावर अवलंबून आहे. रस्ता गाड्या आणतो. त्या थांबविण्याचे काम रस्ता करीत नाही.

किंबहुना चांगला रस्ता कधी कधी पर्यटकाला लवकर परतही पाठवितो. वाट खडतर असताना नागपूरचा पाहुणा एक रात्र मुक्काम करी. वाट सुकर झाली म्हणजे तो सकाळी येऊन सायंकाळी घरी जाऊ शकतो. तेव्हा मुक्काम हवा असेल, तर त्याला मुक्कामाचे कारण द्यावे लागेल.

आपल्याकडे उभ्या धानात शेवटच्या ओलाव्यावर लाखोरी टाकण्याची रीत आहे. लाखोरीसाठी कोणी वेगळी नांगरट करीत नाही आणि लाखोरीच्या आशेने धान सोडून देत नाही. पर्यटनाचे उत्पन्न असेच समजावे. गावाच्या मूळ गरजेसाठी झालेल्या रस्त्यावर ते घ्यावयाचे दुसरे पीक आहे.

ऑस्ट्रेलियातील अनुभव

हा प्रश्न केवळ आपल्यापुढेच आहे असे नाही. ऑस्ट्रेलिया खंडाच्या अंतर्भागात 'आउटबॅक' या नावाने ओळखला जाणारा विरळ वस्तीचा विस्तीर्ण प्रदेश आहे. तेथे पश्चिमेकडील लेव्हर्टनपासून ईशान्येकडील क्वीन्सलँड प्रांतातील विंटनपर्यंत जाणारा 'आउटबॅक वे' नावाचा सुमारे २,७०० किलोमीटरचा मार्ग असून त्याचे कच्चे भाग टप्प्याटप्प्याने डांबरी करण्यात येत आहेत. वायव्येकडील किंबर्ली भागात 'गिब रिव्हर रोड' हा सुमारे ६६० किलोमीटरचा मार्ग आहे. तो मुळात गुरांच्या वाहतुकीसाठी झाला. आज त्याच्या कच्चेपणाचेच आकर्षण वाटून दूरदूरचे प्रवासी दणकट मोटारी घेऊन तेथे जातात. पावसाळ्यात तो वाहतुकीस बंद होतो.

अशा मार्गांविषयी तेथे दोन मते मांडली जातात. पक्का रस्ता झाल्यास पावसात तुटणाऱ्या वस्त्यांना अन्नधान्य, औषधे व बाजारपेठ मिळेल, असे एक मत आहे. रस्ता गुळगुळीत झाला की त्या मुलुखाचे वेगळेपण जाईल आणि प्रवासी वाटेतील वस्त्या मागे टाकून भरधाव निघून जातील, असे दुसरे मत आहे. दोहोंत तथ्य आहे. तथापि आपल्या व त्यांच्या परिस्थितीत एक मोठा भेद आहे. तेथे शेकडो किलोमीटर गाव लागत नाही. आपल्याकडे दर दोन-तीन किलोमीटरवर गाव आहे, आणि रस्त्याचा प्रत्येक मीटर कोणाच्या तरी बांधीच्या कडेने जातो. प्रवाशाला कच्च्या वाटेची हौस वाटते म्हणून गावाने चिखलात राहावे, असे आपणांस म्हणता येणार नाही. परंतु कच्ची वाट कोठे राहू द्यावी हे मात्र आपणांसही ठरविले पाहिजे.

डांबर कोठे थांबावे?

याचे उत्तर, जंगलाच्या हद्दीवर, असे आहे. गावापर्यंतचा रस्ता पक्का असावा. अभयारण्याच्या आतील वाट कच्चीच राहू द्यावी. आतील वाटेवर वाहन सावकाश चालते. प्राण्याला बाजूला होण्यास अवसर मिळतो व मातीवर उमटलेले माग वनरक्षकाला वाचता येतात. डांबर पडले की वेग वाढतो, वेग वाढला की रात्रीची वाहतूक वाढते, आणि मग ती वाट जंगलाची राहत नाही.

वाघ कागदावरील हद्दी पाळीत नाही. नागझिऱ्याचा 'जय' नावाचा वाघ २०१३ साली महामार्ग ओलांडून व दूरची मजल मारून उमरेड-कऱ्हांडल्याच्या जंगलात येऊन राहिला. त्याला पाहण्यासाठी लोटलेल्या पर्यटकांमुळे त्या अभयारण्याचे नाव देशभर झाले. एप्रिल २०१६ नंतर तो दिसला नाही. त्याच्यासारखे प्राणी एका जंगलातून दुसऱ्यात जातात ते आपली शेते व आपले रस्ते ओलांडूनच. ऑगस्ट २०२३ मध्ये गोंदिया-कोहमारा मार्गावर मुरदोलीच्या जंगलात मोटारीच्या धडकेने एक तरुण वाघ मरण पावला. पेंचच्या जंगलातून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ वर प्राण्यांना रस्त्याखालून जाण्यासाठी खास मार्ग ठेवले आहेत, आणि वाघासह अनेक प्राणी त्यांचा उपयोग करतात असे भारतीय वन्यजीव संस्थेने कॅमेरे लावून पाहिले आहे. ग्राममार्गावर एवढ्या खर्चाची बांधकामे होऊ शकत नाहीत. तेथे गतिरोधक, सूचनाफलक आणि जंगलालगतच्या टप्प्यात रात्रीच्या वाहतुकीवर निर्बंध हेच उपाय होत.

पर्यटकांच्या गर्दीलाही मर्यादा हवी. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्याच्या गोठणगाव भागात पर्यटकांच्या वाहनांनी एका वाघिणीची व तिच्या बछड्यांची वाट अडविली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने या प्रकाराची स्वतःहून दखल घेतली. ज्या प्राण्यासाठी पर्यटक येतो, त्यालाच त्रास होऊ लागला तर हे दुसरे पीक फार दिवस टिकणार नाही.

रस्ता आणि पाणी

धानाच्या मुलुखात रस्ता बांधताना एक गोष्ट विशेष जपावी लागते. येथील शेती पाण्याच्या उतारावर उभी आहे. कोहळी समाजाने व जुन्या मालगुजारांनी तलाव बांधले. त्यांना आपण आज माजी मालगुजारी तलाव, थोडक्यात 'मामा तलाव' म्हणतो. त्या तलावांत पाणी येते ते आजूबाजूच्या रानातील लहानमोठ्या ओहोळांनी. त्या येव्याला आडवा असा उंच भरावाचा रस्ता झाला व मोऱ्या अपुऱ्या पडल्या, तर तो रस्ता म्हणजे नवा बांधच होतो. वरच्या अंगाच्या बांध्यांत पाणी साचून पऱ्हे कुजते, खालच्या अंगाच्या बांध्या कोरड्या पडतात आणि तलाव भरत नाही. मग एखादा संतापलेला शेतकरी रात्री कुदळीने रस्ता फोडतो. दोष केवळ त्याचाच असतो असे म्हणता येत नाही.

यावर उपाय मोजणीच्या आधीच करावयाचा असतो. जोराचा पाऊस चालू असताना गावातील दोन-तीन जाणत्या वृद्धांना घेऊन रस्त्याच्या नियोजित रेषेवरून चालावे. पाणी कोठे कोठे ओलांडते तेथे दगड अगर खुंट रोवावे. त्यांची यादी ग्रामपंचायतीच्या ठरावास जोडून अभियंत्याकडे द्यावी. उन्हाळ्यात मोजणीस आलेल्या अभियंत्याला कोरडे रान दिसते. पाण्याची वाट गावालाच ठाऊक असते. भरावासाठी माती घेताना ती सुपीक बांधीतून घेऊ देऊ नये. तलावातील गाळ शेतास उत्तम, परंतु रस्त्याच्या भरावास निरुपयोगी. तो कन्हार मातीप्रमाणे भिजला की फुगतो व वाळला की भेगाळतो. भरावास मुरुमाड जमीनच योग्य.

रस्ता आपणच कसा मोडतो?

ग्रामसडक योजनेतील रस्त्याच्या ठेक्यात पाच वर्षांच्या देखभालीची अट असते. ही मुदत रस्त्यावरील फलकावर लिहिलेली असते. ती प्रत्येक ग्रामसेवकाने नोंदवून ठेवावी व मुदत संपण्यापूर्वी दुरुस्तीची मागणी लेखी करावी. तथापि काही मोडतोड ठेकेदाराच्या आवाक्याबाहेरची असते, आणि ती आपल्या हातून होते.

चिखलणीसाठी ट्रॅक्टरला लोखंडी केजव्हील लावतात. तीच चाके लावून ट्रॅक्टर एका बांधीतून दुसऱ्या बांधीत डांबरी रस्त्यावरून नेला, तर त्या पोलादी पट्ट्या डांबराचा थर अक्षरशः कापून काढतात. एका हंगामातील ही सवय रस्त्याची काही वर्षे खाते. केजव्हील बांधीजवळ उतरवून बंडीत घालून नेण्याचा त्रास घेतलाच पाहिजे. पाण्याचा नळ नेण्यासाठी रस्ता आडवा खोदणे, धुरा सरकवीत साइडपट्टी व नाली बांधीत घेणे, रस्त्यावर धान वाळत घालून दोन्ही बाजूंस दगड मांडणे, या सवयीही तशाच घातक आहेत. शेवटच्या सवयीने रात्रीच्या वेळी दुचाकीस्वारांचे जीव धोक्यात येतात. गावाला सामाईक खळे व वाळवणीचा ओटा मिळवून दिल्यास ती आपोआप सुटेल.

दुसरे संकट बाहेरून येते. वैनगंगेच्या वाळूला मोठी मागणी आहे. वाळूने शिगोशीग भरलेल्या जड गाड्या ग्राममार्गावरून जाऊ लागल्या, की हलक्या वाहतुकीसाठी आखलेला रस्ता एका वर्षात बसतो. अशा वाहतुकीची तक्रार तारीख, वेळ व ठिकाण लिहून तहसील कार्यालयाकडे ग्रामपंचायतीच्या नावाने करावी. एकट्यादुकट्याच्या माथी ते काम टाकू नये.

गावाने ठरवावयाच्या गोष्टी

रस्ता मंजूर झाल्यापासून तो पूर्ण होईपर्यंत बहुधा एक-दोन वर्षे जातात. तो काळ वाट पाहण्यात न घालविता पुढील गोष्टी ग्रामसभेत ठरवून घ्याव्या.

१. रस्त्यालगतची जमीन घाईने विकू नये. रस्ता होण्याच्या वार्तेबरोबर बाहेरचे ग्राहक येतात. एकरकमी पैसा मोठा वाटतो. परंतु रस्त्याकडेची पट्टी गेली की दुकान, खानावळ वा मुक्कामाची खोली काढावयास गावकऱ्याकडे जागा उरत नाही आणि मालकाचा तो आपल्याच जागेवरचा नोकर होतो. आदिवासींची जमीन बिगर आदिवासीकडे हस्तांतरित करण्यावर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम ३६-अ चे निर्बंध आहेत, हे सर्वांना समजावून सांगावे. नावापुरता करार करून कोणी जमीन ताब्यात घेत असेल, तर तलाठ्यास वेळीच कळवावे.

२. थांबण्याची एकच जागा नेमावी. वडाच्या वा मोहाच्या सावलीत, गावठाणाच्या कडेला, पाणी व स्वच्छतागृह असलेली जागा निवडावी. रस्ताभर विखुरलेल्या टपऱ्यांपेक्षा अशा एका जागेने सर्वांचा धंदा होतो व अपघातही टळतात. तिची व्यवस्था महिला बचत गटाकडे सोपवावी.

३. मधल्या वेळेचा विचार करावा. अभयारण्यातील फेऱ्या सकाळी व दुपारी असतात. दोहोंच्या मधले तीन-चार तास पर्यटक रिकामा असतो. तांदळाची भाकर, तलावातील मासळी, परसातील भाजी असे साधे व स्वच्छ जेवण, आणि रोवणी वा कापणीच्या दिवसांत शेतावरील फेरफटका, हे त्याला त्या वेळेत देता येते. राज्याचे कृषी पर्यटन धोरण २०२० साली जाहीर झाले असून इच्छुक शेतकऱ्यांनी आपल्या केंद्राची नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे करावी.

४. आपला माल ओळखून विकावा. भंडाऱ्याच्या चिन्नोर तांदळाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. तो सुट्या पोत्यातून व्यापाऱ्याला देण्याबरोबरच एक व पाच किलोच्या स्वच्छ पिशव्यांत, गावाचे नाव व वर्ष घालून ठेवावा. कोशाचे कापड, मध व मोहफुलांचे पदार्थ यांनाही अशीच मागणी निघू शकते. एकदा भेसळ झाली की नाव कायमचे जाते, याचे भान ठेवावे.

५. मंडईचे दिवस आधी कळवावे. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. दंडार होते, झाडीपट्टीच्या नाटकांचे प्रयोग होतात. पर्यटकांचा हंगामही तेव्हाच सुरू झालेला असतो. मुक्काम करावा असे कारण यापरते कोणते? त्यासाठी मंडईचा खेळ करावयाचा नाही. ती आपल्या आनंदासाठी जशी भरते तशीच भरू द्यावी व तिच्या तारखा तालुक्याच्या ठिकाणी कळवाव्या.

६. तरुणांना शिक्षण द्यावे. अभयारण्यातील मार्गदर्शकाचे काम स्थानिक तरुण-तरुणींना मिळते. पक्ष्यांची, झाडांची व मागांची नावे त्यांना घरच्या वडीलमंडळींकडूनच शिकता येतात. जंगलालगतच्या गावांसाठी डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजना २०१५ सालापासून आहे. गावच्या समितीने तिच्या आराखड्यात या शिक्षणाची तरतूद मागावी.

७. रस्त्यासाठी वर्षातील दोन दिवस राखून ठेवावे. एक मृगापूर्वी, नाल्या व मोऱ्यांतील गाळ काढण्यासाठी. दुसरा पावसाळा संपताच, खड्ड्यांची मोजदाद करून अर्ज देण्यासाठी. पहिल्या पावसात मोरी तुंबली तर सारा खर्च वाहून जातो. दोन तासांच्या श्रमदानाने ती मोकळी होते.

ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांस

कृषी सहायक, ग्रामसेवक व तलाठी या तिघांनी रस्त्याचा विषय एकत्र बसून हाताळावा. ग्रामसेवकाकडे ठराव, तलाठ्याकडे जमिनीचा नकाशा व कृषी सहायकाकडे पाण्याच्या उताराची व पिकांची माहिती असते. तिन्ही एका कागदावर आली म्हणजे रस्त्याचा प्रस्ताव बळकट होतो. प्रस्तावात पर्यटनाचा उल्लेख अवश्य करावा. परंतु त्याच्या वर पुढील चार आकडे लिहावे : गतवर्षी पावसाळ्यात रस्ता किती दिवस बंद होता, त्या दिवसांत किती दूध अडकले, किती आजाऱ्यांना उचलून न्यावे लागले आणि किती मुलांची शाळा बुडाली. हे आकडे कोणत्याही कचेरीत मिळत नाहीत. ते गावातच घरोघर विचारून गोळा करावे लागतात. येत्या पावसाळ्यात त्यासाठी एक वही घालावी आणि ज्या दिवशी ओढ्याला पूर येऊन वाट बंद होईल, त्या दिवसापासून नोंदी कराव्या. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ती वही वाचून दाखवावी व ठरावास जोडून पुढे पाठवावी.